महादूअण्णांच्या चिंध्या

कपडे वाळत घालायच्या आधी मी अजून वारा बघते. पदराचं टोक दोन बोटांत धरून वर करते, तो कुठल्या बाजूला हलतो ते पाहते आणि मगच पिळा उलगडते. घरातल्यांना याची गंमत वाटते. सून म्हणते, "आई, आपल्या गॅलरीत वारा आलाच तर समोरच्यांच्या स्वयंपाकघरातून येणार." तिचं खरं आहे. पण ही लकब माझी नाहीच, महादूअण्णांची आहे. आम्ही अंबरनाथला राहायचो तेव्हा आमच्या चाळीचे कपडे ते न्यायचे. महादू परीट.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. लग्न होऊन मी अंबरनाथला आले आणि तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. अंबरनाथ तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. शेत, मग कारखान्याची भिंत, मग पुन्हा शेत. पलीकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले होते. त्या वस्तीला उल्हासनगर असं छान नाव मिळालं होतं, पण लोकांच्या तोंडी सगळं कॅम्पच. आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला तेजाबाचा एक कारखाना होता. गंधक जाळून तेजाब करायचे. त्याचं नाव आता सांगण्यात अर्थ नाही. तो केव्हाच बंद पडला, त्या जागी कसली तरी गोदामं आहेत.

महादूअण्णा जुन्नरकडचे. उंच, काटकुळे, कमरेत थोडे वाकलेले. बोटांची टोकं पाण्यात राहून राहून कायमची सुरकुतलेली. दुसऱ्यांचे कपडे बगळ्यासारखे पांढरे करून आणणाऱ्या या माणसाचं स्वतःचं धोतर मात्र कायम मळखाऊ असायचं. त्यांच्याकडे एक गाढव होतं आणि त्याला ते अहोजाहो करायचे. "चला राजे, बाईंची शाळा भरायची येळ झाली." आम्ही चाळीतले सगळे मात्र महादूअण्णांना अरेतुरे करायचो. मीसुद्धा. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी खुशाल "महादू, परवा ये" म्हणायची. गाढवाला मान होता आणि त्याच्या धन्याला नव्हता. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

कुणाचा कपडा कुठला हे कळायला परीट बिब्ब्याच्या रसाने खूण करतात. कितीही धुतली तरी ती जात नाही. आमच्या घराची खूण होती दोन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ. अशा कितीतरी घरांच्या खुणा त्यांच्या डोक्यात होत्या. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. मी मास्तरीण. मला राहवतंय कुठलं! एकदा म्हटलं, "महादू, रविवारी येत जा, अक्षरं शिकवते तुला." तर गाढवाच्या पाठीवर बोचकं चढवता चढवता म्हणाले, "बाई, येवढ्या घरांची येवढी अक्षरं हायेत माझ्यापाशी. त्यात तुमची बावन्न कुठं ठिवू?"

कपड्यांवरून त्यांना प्रत्येक घरातलं सगळं कळायचं. कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरात रडारड झाली, कुणाचा नवरा पिऊन येतो. पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी गेलं नाही. शेजारणीने खोदून विचारलं तर म्हणायचे, "कपडा समदं बोलतो बाई, पर परटानं बोलू नये." आणि मग मुद्दाम गाढवाशी बोलायला लागायचे. चाळीत राहून अशी तोंडाला कुलूप घातलेली माणसं किती मिळतात? मला तरी दुसरं भेटलं नाही.

आणि या माणसाला मी सगळ्यांदेखत बोलले.

संक्रांत होऊन गेली होती. माझी एक पोपटी सुती साडी होती, आईने दिलेली. ती धुऊन आली आणि घडी उलगडली तर पदरभर भोकं. टाचणीने टोचल्यासारखी, बारीक, दहा-वीस एकत्र. त्याआधी वरच्या खोलीतल्या काकूंच्या चादरीलाही तसंच झालं होतं, पण चादर जुनी होती. ही साडी नवी होती. नळाला पाणी यायची वेळ, सगळ्या बायका हंडे घेऊन बाहेर. मी साडी त्यांच्यासमोर धरली.

"महादू, हे काय आहे?"

त्यांनी निरखून पाहिलं. "भोकं हायेत, बाई."

"ती मलाही दिसतात. सोडा किती घालतोस?"

"सोडा बेतानंच असतो."

"मग ही काय उंदरांनी पाडली? हात चालत नसेल तर धंदा सोड. लोकांच्या कपड्यांचं वाटोळं कशाला करतोस?"

हे मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो. त्यांनी साडीची मोडलेली घडी पुन्हा जशीच्या तशी घातली, उंबऱ्यावर ठेवली आणि गेले. जाताना गाढवाशीही बोलले नाहीत.

शाळेतल्या बाईंनी म्हटलं म्हणजे ते खरंच असणार, असं तेव्हा लोकांना वाटायचं. पंधरा दिवसांत आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांनी त्यांना कपडे देणं बंद केलं. शेजारच्या दोन चाळींतही बातमी पोचली. परटाचा धंदा विश्वासावर असतो. कपडा खराब करणारा अशी एकदा ख्याती झाली की संपलं. येसूबाई, त्यांची बायको, रस्त्यात भेटली तर मान खाली घालून जायची. मला वाईट वाटायचं, पण साडी आठवली की पुन्हा राग यायचा.

एका रविवारी दुपारी महादूअण्णा आले. गाढव नाही, बोचकं नाही. दारातच उभे राहिले.

"बाई, ती साडी धुवाया देन्याआधी कुठं वाळत घातली हुती?"

मला वाटलं, भांडायला आलेत. "हळदीकुंकवाला नेसले होते. मग दिवसभर बाहेर दोरीवर टाकली, वारा लागावा म्हणून. का?"

"त्या दिशी डोळं चुरचुरलं हुतं का?"

चुरचुरले होते. काडी पेटवून नाकाशी धरावी तसा वास होता आणि मुलं शाळेत खोकत होती. ते दहा-पंधरा दिवसांनी एकदा व्हायचंच. कारखाना आहे म्हटल्यावर वास येणार, एवढाच आम्ही विचार करायचो.

महादूअण्णा पायरीवर टेकले. कारखान्याच्या कामगारांचे गणवेशही तेच धुवायचे. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. म्हणाले, "त्या कपड्यांस्नी खांद्यावर अशीच भोकं असत्यात. बारीक. तिथं मला कुनी एका शब्दानं बोलत न्हाई, कारन कशानं पडत्यात ते तिथं समद्यांस्नी ठावं हाये. मग बाईंच्या साडीला तीच भोकं कशी? बाई तर कारखान्यात जात न्हाईत." मग म्हणाले, "ठिपका आदी पडतो बाई. वाळत घातल्यावर. दिसत न्हाई. मग म्या पान्यात घालून आपटला की तेवढंच गळून पडतं. भोक माझ्या हातात दिसतं, पर ते म्या पाडल्यालं नसतं."

तेजाबाने कापड जळतं हे शाळेत मीच मुलांना शिकवत होते.

"मग सांग की सगळ्यांना जाऊन," मी म्हटलं.

"माझं कोन ऐकतंय? आळ माझ्यावर, आन साक्ष बी मीच द्यायची?" ते हसले. "ह्याला माझा हात लागून चालायचं न्हाई, बाई. ज्याचं त्यानं बघावं."

पुढे जे झालं ते सगळं या एका वाक्यातून झालं. मोठ्या शहाण्या लोकांनी एखादी समिती नेमून जे केलं असतं ते या अक्षरशत्रू परिटाने केलं, आणि तेही केवळ स्वतःच्या हातावर कुणाचा विश्वास उरला नव्हता म्हणून.

कॅम्पात टहलराम नावाचा सिंधी कापडवाला होता. सिंधेत मोठी पेढी होती म्हणे, इथे एका बाकड्यावर ठाणं मांडून बसायचा. महादूअण्णांनी त्याच्याकडे मांजरपाटाचे तुकडे मागितले, सगळे एकाच ठाणातले. कशाला हवेत ते ऐकून त्याने तुकडे फाडले आणि वर एक तुकडा स्वतःच्या पेटीत घालून कुलूप लावलं. "साईं, ये नमूना मेरे पास रहेगा. कल कोई बोलेगा, कपड़ा ही सड़ा हुआ था, फिर?" व्यापारी माणूस. ही गोष्ट मला सुचली नसती, महादूअण्णांनाही सुचली नव्हती.

मग त्या चिंध्या वाटल्या गेल्या. आमच्या चाळीत, स्टेशनजवळ, कॅम्पाच्या कडेला, देवळाकडच्या आळीत, पालेगावात. आणि एक लांब बदलापूरजवळच्या सोनिवलीला, येसूबाईच्या भावाकडे, जिथे कारखान्याचा वाससुद्धा पोचत नव्हता. महादूअण्णा प्रत्येक बाईला सांगायचे, पण चिंधीला बोट लावायचे नाहीत. तुकडे हातात द्यायलाही टहलरामला बरोबर न्यायचे. बिब्बा आणि काडी तेवढी पुढे करायचे. "तुमची खूण तुमीच काढा." बायकांनी काय काय खुणा काढल्या! कुणी तुळशीवृंदावन, कुणी फणी, कुणी मासा. आमच्या वरच्या काकूंनी नवऱ्याच्या मिशा काढल्या आणि चार दिवस सगळी चाळ हसत होती.

नियम सोपे होते. चिंधी उघड्यावर आपल्या हाताने बांधायची. ज्या दिवशी वास येईल, डोळे चुरचुरतील, त्या दिवशी टोकाला एक गाठ मारायची. अमावास्येला सोडायची आणि घरच्या घरी साध्या पाण्यात आपणच धुवायची. सोडा नाही, साबण नाही, आपटणं नाही. मग भोकं बघायची आणि पुन्हा बांधायची. वाटेत भेटेल त्या बाईला महादूअण्णा पदर वर धरायला लावून वारा बघायला शिकवायचे. त्या दिवसांत आमच्या भागात रस्त्यावर उभं राहून पदर उडवणाऱ्या बायका पाहून नव्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे!

होळीच्या सुमारास सगळ्या जणी आमच्या व्हरांड्यात जमल्या. चटईवर चिंध्या मांडल्या. महादूअण्णा खाली पायरीवर बसलेले, हात मागे बांधून. सोनिवलीची चिंधी कोरी. स्टेशनची जवळजवळ कोरी. कॅम्पाकडची थोडी खराब. आमच्या चाळीतल्या चाळणीसारख्या झालेल्या, आणि पालेगावची तर हातात धरली तरी फाटत होती. टहलरामने पेटीतला नमुना आणला होता. तो जसा फाडला तसाच. बघता बघता बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. मी चिंध्यांकडे पाहत राहिले.

भोकं कुणी पाडली ते तर कळलं. पण खरी गोष्ट कळली ती गाठींवरून, आणि ती सांगितली पालेगावच्या जनाबाईने. ती वालाच्या शेंगा विकायला यायची. अंगाने थोराड, आवाज खणखणीत. वालाच्या पानांवर पांढरे डाग पडून तिचं पीक जायचं, म्हणून ती पहिल्यापासून यात होती. म्हणाली, "तुमी समदी धुराऱ्याचा धूर बघतांव. धूर रोज निंगतो, त्यानं काय व्हत नाय. कारखाना दोन-चार दिस बंद परतो न् परत चालू करतान ना, तवा येतो. माज्या समद्या गाठी त्याच दिसाच्या हान."

आम्ही एकमेकींच्या गाठी मोजल्या, दिवस आठवले. खरं होतं. थंड पडलेली भट्टी पुन्हा पेटवताना सुरुवातीला गंधकाचा धूर नीट जिरत नाही आणि तसाच बाहेर पडतो. हे आत काम करणाऱ्यांना माहीत असणार. पण ज्या दिवशी धुराडं शांत दिसायचं त्या दिवशी आम्ही निर्धास्त होऊन कपडे, धान्य, पापड, तान्ही पोरं सगळं उन्हात बाहेर काढायचो. आणि नेमकी अशाच एखाद्या दिवशी भट्टी पुन्हा पेटायची. इतकी वर्षं आम्ही उलटंच वागत होतो.

अर्ज मी लिहिला. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की कारखान्याचा शाळेला आधार आहे, तुमची सही नको. मी सही केली नाही. अर्जाखाली बायकांनी बिब्ब्याने आपापल्या खुणा काढल्या, वृंदावन, फणी, मासा, मिशा. महादूअण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शेवटी आमच्या घराची दोन टिंबं आणि एक रेघ काढली. माझं भित्रेपण त्यांनी असं झाकून घेतलं.

कारखान्याच्या फाटकाशी मॅनेजरसाहेब बाहेर आले. चांगले शिकलेले गृहस्थ होते, आवाज चढवत नव्हते. चिंध्या पाहिल्या आणि महादूअण्णांकडे वळले.

"तू आमचे कपडे धुतोस ना? तुझी गिऱ्हाइकं तुटली म्हणून हा खटाटोप. ही भोकं तू सुईने पाडली नाहीस कशावरून?"

"म्या एकाबी चिंधीला हात लावल्याला न्हाई, साहेब."

"तू सांगणार आणि मी ऐकणार?"

"माझं नका ऐकू. त्यास्नी इचारा." आणि ते चक्क दोन पावलं मागे सरले.

जनाबाई पुढे झाली. "ही माजी चिंधी. मीच बांधली, मीच सोरली, मीच धुतली. ह्या मानसानं हात नाय लावला. आता बोल, मी खोटी?" मग स्टेशनची बाई पुढे आली, मग काकू मिशावाली चिंधी घेऊन आल्या, मग कॅम्पातली सिंधी आजी. टहलरामने नमुन्याची घडी उघडली. एकेकीचं ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा बदलला. चिडले नाहीत, पण थकल्यासारखे दिसले.

"काय पाहिजे तुम्हाला? कारखाना बंद करू?"

सगळ्या जणी चपापल्या. निम्म्याजणींचे नवरे आत कामाला होते.

महादूअण्णा मागूनच बोलले. "बंद कशापायी साहेब? आमचीच मानसं हायेत आत. भट्टी पेटवायच्या आदल्या दिशी आमाला सांगा. येवढंच. फुडचं आमचं आमी बघू."

साहेबांनी वचन दिलं नाही. चिंध्या ठेवून घेतल्या. आठ-दहा दिवसांनी एक कारकून आला आणि तोंडीच सांगून गेला, की भट्टी पेटवायच्या आदल्या सकाळी पाण्याच्या टाकीवर लाल फडकं लावण्यात येईल. आणि त्याच महिन्यापासून कारखान्याचे गणवेश दुसऱ्या परिटाकडे गेले. मला हे कळलं तेव्हा मी हळहळले. महादूअण्णा म्हणाले, "बरं झालं बाई. लई जड हुतं त्ये कापड. राजे बी दमायचे."

फडकं लागलं की त्यांची फेरी सुरू व्हायची. कामं टाकून प्रत्येक वस्तीत जायचे. उद्या दोऱ्या रिकाम्या ठेवा. तान्ह्यांना आणि दमेकऱ्यांना वास यायच्या आधीच लांब न्या. पाण्याची भांडी झाका. बाहेर सापडलात तर ओलं फडकं नाकाशी धरा आणि वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवं चाला. हे आडवं चालणं ते अंगणात स्वतः चालून दाखवायचे, आणि गाढवही त्यांच्या मागे आडवं चालायचं. पोरं हसून लोळायची, पण एकही विसरलं नाही.

एकदा तर गंमत झाली. टाकीवरच्या रखवालदाराचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोला बिचारीला काय ठाऊक? तिने आपलं लाल लुगडं धुऊन टाकीच्या कठड्यावर वाळत घातलं. चांगलं लांब-रुंद, पार कॅम्पातून दिसेल असं. तासाभरात तीन वस्त्यांतल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या आणि पालेगावच्या म्हाताऱ्या बैलगाडीत बसल्या. खरं कळल्यावर लोक त्या पोरीवर तुटून पडले. महादूअण्णा मध्ये उभे राहिले. "तिला कशाला बोलता? आज कळलं आपल्याला, किती येळ लागतोय. मागच्या खेपेला म्हाताऱ्या दुपारपत्तूर निघाल्या नव्हत्या." मग त्या पोरीकडे वळून म्हणाले, "पोरी, लुगडं मातर मला दे. नीट पिळलं न्हाई तू."

त्यांची गिऱ्हाइकं परत आली. सगळ्यांनी काही न बोलता पुन्हा बोचकी बांधून ठेवली, जसं मधलं काही घडलंच नव्हतं. मीही ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणायला लागले, अहो म्हणायला लागले. घरी धुता येतील असेही कपडे त्यांच्याकडे देऊ लागले. पण चुकलं माझं, एवढे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. रोज वाटायचं, आज म्हणू. ते दारात उभे असायचे, मी कपडे काढून द्यायची आणि शाळेची वेळ व्हायची. एवढी सोपी गोष्ट माणसाला का जमत नाही कोण जाणे! त्यांनीही विषय कधी काढला नाही. परटानं बोलू नये ना.

पुढे अण्णा जिथे कपडे धुवायचे त्या नदीच्या वरच्या अंगाला आणखी कारखाने आले. वालधुनीचं पाणी कधी पिवळं, कधी तांबूस यायला लागलं. एके दिवशी अण्णांनी धुतलेली धोतरं फिकट गुलाबी होऊन वर आली. ती पिळून ते तशीच ओली घेऊन घरोघरी गेले, ज्याची त्याला दाखवली आणि सांगितलं, आता इथं मला धुता यायचं नाही. मी म्हटलं, "अण्णा, पुन्हा अर्ज लिहू. या वेळी मी सही करते." ते म्हणाले, "वारा फिरतो बाई. चार दिस दम धरता येतो. हे पानी रोज ह्याच वाटंनं येनार. माझ्या हातात तेवढा दम न्हाई आता." महिन्याभरात ते सोनिवलीला येसूबाईच्या भावाकडे गेले. निघाले त्या दिवशी मी शाळेत होते. परत आले तर त्यांची खोली उघडी आणि रिकामी.

ते गेल्यावर फडकं लागत होतं, पण सांगत फिरणारं कुणी नव्हतं. आधी आधी बायका टाकीकडे बघायच्या. मग नवी बिऱ्हाडं आली, त्यांना माहीतच नव्हतं. फडकं उन्हाने विटून गेलं, कुणी बदललं नाही. शाळेतून येताना मी टाकीकडे बघायची आणि रस्त्याच्या वळणावर ते वाकून चालणारं माणूस आणि ते गाढव शोधायची. फार वाटायचं, एकदा यावेत. अजून वाटतं.

दोनेक वर्षांनी बदलापूरला एका सहशिक्षिकेच्या घरी लग्न होतं. अक्षता पडल्यावर मी जेवायला थांबले नाही, टांगा केला आणि सोनिवलीला गेले. मनाशी ठरवून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवत होते.

उल्हास नदीचं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे दिसत होते. आसपास भातखाचरं, पलीकडे डोंगर, कुठे एक धुराडं नाही. काठावर दोऱ्यांवर धोतरं, लुगडी, पोरांची झबली वाळत होती. अण्णा अधिक वाकले होते. गावातली एक बाई धुवायचं बोचकं घेऊन आली होती आणि त्यांनी ते तिच्यासमोर सोडलं होतं. एकेक कपडा उचलून ते दोन्ही हातांनी उन्हासमोर धरत होते, आधी सुलट, मग उलट. "बघून घे. भोक न्हाई." मग दुसरा. "बघून घे."

ती बाई कंटाळली होती. "अण्णा, दर टायमाला काय दाखवतांव? माजा काय तुमच्यावर भरोसा नाय?"

"असू दे. बघून घे."

आमच्याकडून ते बोचकी नेत तेव्हा सोडूनही पाहत नसत, बांधलेली तशीच उचलून राजांच्या पाठीवर टाकत. ही सवय त्यांना इथे, या निर्मळ पाण्याकाठी, का लागावी? कारखान्याच्या तेजाबाने त्यांच्या हाताला काही केलं नव्हतं. जे काही लागलं होतं ते माझ्या जिभेचं.

त्यांनी मला ओळखलं. चेहरा खुलला. "बाई! आवं, उनात कशाला उभ्या? येसू, बाई आल्यात, पानी आन." जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला राहिली आणि मी भलतंच विचारलं.

"अण्णा, इथे कुठे कारखाना आहे? इथे कशाला प्रत्येक कपडा दाखवता?"

ते मोकळेपणाने हसले. डोळ्यांत राग नव्हता, आठवणसुद्धा नव्हती. "त्याचं काय हाये बाई, मागनं बोलनं नगं कुनाचं." आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द निघायच्या आत त्यांनी खाली वाकून एक लहान पोराचा सदरा उचलला, झटकला आणि उन्हासमोर धरून त्या बाईकडे फिरवला.